'फॅन्सी' आणि 'इमॅजिनेशन' : एका अर्थभेदाचा इतिहास

१

इंग्रजी वाङ्मयविचाराचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला काही शब्दांच्या जोड्या फार लवकर पाठ होतात. 'विट' आणि 'ह्यूमर', 'नॉव्हेल' आणि 'रोमान्स', 'फॅन्सी' आणि 'इमॅजिनेशन' या त्यांपैकी प्रमुख होत. यांतील शेवटची जोडी इतर जोड्यांहून अधिक प्रतिष्ठित आहे. सॅम्युएल टेलर कोलरिजच्या 'बायोग्राफिया लिटरारिया' या १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाशी ती जोडली गेली असल्यामुळे तिला सिद्धान्ताचे वजन प्राप्त झालेले आहे. 'फॅन्सी' ही यांत्रिक, 'इमॅजिनेशन' ही सेंद्रिय. पहिली आयत्या सामग्रीची जुळवाजुळव करते, दुसरी सामग्री वितळवून नवनिर्मिती करते. पहिली कनिष्ठ, दुसरी श्रेष्ठ, अशा दुपदरी मांडणीत हा भेद शिकवला जातो आणि परीक्षेत लिहिलाही जातो. हा भेद मानवी मनाच्या रचनेतच आहे आणि कोलरिजने तो फक्त दाखवून दिला, असा समज या मांडणीतून नकळत रूढ होतो.

शब्दांचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. हे दोन शब्द अर्थदृष्ट्या एकाच मुळाचे आहेत. सुमारे तीन शतके ते इंग्रजीत बहुतांशी एकमेकांऐवजी वापरले जात होते. त्यांच्यात भेद करण्याचे प्रयत्न सतराव्या शतकापासून झाले. परंतु त्यांची दिशा एक नव्हती. कोणता शब्द वर आणि कोणता खाली, हे अठराशे सालापर्यंत निश्चित झालेले नव्हते. ते निश्चित झाले १८०२ ते १८१७ या पंधरा वर्षांत आणि तेही एका विशिष्ट तात्त्विक वादाची गरज म्हणून. या भेदाला जन्मतारीख आहे, ही गोष्ट मान्य केली की त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. मराठी समीक्षेने हा भेद जवळजवळ निर्विवाद सत्य म्हणून स्वीकारला असल्यामुळे तर त्याचा इतिहास तपासणे अधिकच अगत्याचे ठरते.

२

'इमॅजिनेशन' हा शब्द लॅटिन 'इमागो', म्हणजे प्रतिमा, या शब्दापासून निघालेला. तो फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. 'फॅन्सी' हे 'फँटसी' या शब्दाचे उच्चारसौकर्यातून झालेले संक्षिप्त रूप. आणि 'फँटसी'चे मूळ ग्रीक 'फँटसिया' या शब्दात आहे. दिसणे, प्रकट होणे असा त्यामागील धात्वर्थ. ॲरिस्टॉटलने 'आत्म्याविषयी' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात या शक्तीचे विवेचन करताना तिच्या नावाचा संबंध प्रकाशवाचक शब्दाशी जोडला आहे, कारण प्रकाशावाचून पाहणे संभवत नाही. ग्रीक विचार लॅटिनमध्ये उतरवताना 'फँटसिया'ला दिलेला प्रतिशब्द म्हणजेच 'इमाजिनाशिओ'. तेव्हा इंग्रजीजवळ जे दोन शब्द आले ते दोन शक्तींची नावे म्हणून आलेले नव्हते. एकाच शक्तीचे एक ग्रीक आणि एक लॅटिन अशी दोन नावे दोन वाटांनी येऊन तेथे भेटली.

ही जाणीव सतराव्या शतकातील लेखकांना स्पष्टपणे होती. थॉमस हॉब्जने 'लेव्हायथन'च्या (१६५१) दुसऱ्या प्रकरणात इंद्रियसंवेदनेचा क्षीण होत जाणारा अवशेष अशी 'इमॅजिनेशन'ची व्याख्या केली आणि याच गोष्टीला लॅटिन परंपरा प्रतिमेवरून, तर ग्रीक परंपरा आभासावरून नाव देते असा खुलासा केला. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'च्या पाचव्या अंकात थीसियस वेडा, प्रेमिक आणि कवी या तिघांची गाठ 'इमॅजिनेशन'शी घालतो; त्याला उत्तर देताना हिपॉलिटा याच विषयासंबंधी 'फॅन्सी' हा शब्द योजते. दोघांच्या बोलण्यात मतभेद आहे, पण तो या शब्दांच्या अर्थावरून झालेला नाही.

अठराव्या शतकात हा पर्यायभाव जणू अधिकृतच झाला. जोसेफ ॲडिसनने 'स्पेक्टेटर'मध्ये १७१२ साली कल्पनेच्या आनंदावर अकरा निबंधांची जी प्रसिद्ध माला लिहिली, तिच्या आरंभीच आपण हे दोन शब्द भेद न करता वापरणार असल्याचे त्याने सांगून टाकले आहे. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशात तर 'फॅन्सी'चा अर्थ पाहावा तो 'इमॅजिनेशन' आणि 'इमॅजिनेशन'चा पाहावा तो 'फॅन्सी' अशी स्थिती आहे. कोशकाराचा हा दोष म्हणता येणार नाही. त्याच्या काळच्या सुशिक्षितांचा वापर जसा होता तसा त्याने नोंदवला.

याच काळात 'फॅन्सी'ला आणखी एक अर्थ होता आणि 'इमॅजिनेशन'ला तो नव्हता. एखाद्या व्यक्तीवर किंवा वस्तूवर मन बसणे, लहर लागणे, आवड जडणे हा तो अर्थ होय. शेक्सपिअरच्या नाटकांत 'फॅन्सी' म्हणजे प्रेम, विशेषतः डोळ्यांतून उपजणारे आणि फार न टिकणारे प्रेम, असा प्रयोग वारंवार येतो. हा अर्थ त्या वेळी दुय्यम वाटला तरी पुढील काळात या शब्दाचे भवितव्य ठरवण्यात त्याचा वाटा मोठा होता.

३

पर्यायवाचक शब्द जवळजवळ नांदू लागले की त्यांत काही अंतर असावे असे भाषकांना वाटू लागते. या दोन शब्दांत अंतर पाडण्याचे जे प्रयत्न झाले, ते क्रमाने पाहिले असता त्यांतील विसंगती लक्षात येते.

जॉन ड्रायडनने 'ॲनस मिराबिलिस' (१६६७) या काव्याच्या प्रास्ताविक पत्रात कवीच्या 'इमॅजिनेशन'चे तीन व्यापार सांगितले. कल्पनेचा शोध हा पहिला, त्या शोधाला आकार आणि वैविध्य देणारी 'फॅन्सी' हा दुसरा आणि शब्दयोजना हा तिसरा. येथे 'इमॅजिनेशन' हा व्यापक वर्ग आणि 'फॅन्सी' हा त्यातील एक घटक आहे. परंतु घटक म्हणून तो कमी दर्जाचा नाही. सामग्रीला घाट देण्याचे कार्य, जे पुढे कोलरिज 'इमॅजिनेशन'कडे सोपवतो, ते ड्रायडनच्या योजनेत बरेचसे 'फॅन्सी'कडेच आहे. हॉब्जनेही 'लेव्हायथन'च्या आठव्या प्रकरणात इतरांना न दिसणारी साम्ये पाहणाऱ्यांची 'फॅन्सी' चांगली असे म्हटले आणि भेद पाहणाऱ्या 'जजमेंट'शी तिचा विरोध दाखवला. म्हणजे त्या काळी खरी जोडी 'फॅन्सी' आणि 'जजमेंट' ही होती. प्रश्न कल्पना आणि विवेक यांच्या समतोलाचा होता. कल्पनेच्या दोन जातींचा नव्हता.

स्कॉटिश तत्त्वज्ञ ड्युगल्ड स्ट्युअर्ट याने १७९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी मनाविषयीच्या आपल्या ग्रंथात 'फॅन्सी' ही साहचर्याच्या नियमावर चालणारी सवय असून ती 'इमॅजिनेशन'ला सामग्री पुरवते, अशी विभागणी केली. कोलरिजच्या मांडणीची दिशा येथे दिसू लागते. परंतु त्यानंतर एकवीस वर्षांनी, १८१३ मध्ये, नॉर्विचच्या विल्यम टेलरने इंग्रजी पर्यायशब्दांवरील आपल्या पुस्तकात नेमकी उलट दिशा धरली. त्याच्या मते इंद्रियांनी घेतलेले ठसे मनात हुबेहूब उमटवण्याची शक्ती ती 'इमॅजिनेशन', तर त्या प्रतिमांना इच्छेनुसार बोलावणारी, जोडणारी आणि मांडणारी शक्ती ती 'फॅन्सी'. येथे 'इमॅजिनेशन'कडे प्रतिकृती करण्याचे काम आले आणि संयोजनाचे स्वातंत्र्य 'फॅन्सी'कडे राहिले. 'इमेज' या मूळ शब्दाशी टेलरची व्याख्या अधिक प्रामाणिक आहे, हे कोणालाही मान्य करावे लागेल. पुढे दोनच वर्षांनी वर्ड्‌स्वर्थने टेलरचा उतारा देऊन त्याचे खंडन केले. मात्र एखाद्या व्याख्येचे खंडन करावे लागते, याचाच अर्थ ती त्या वेळी संभाव्य होती.

जर्मन भाषेतील उदाहरण याहून बोलके आहे. जर्मनमध्येही अशीच जोडी आहे. प्रतिमावाचक देशी शब्द 'आइनबिल्डुंग्सक्राफ्ट' आणि ग्रीकोद्भव 'फांटाझी'. जाँ पॉल या नावाने लिहिणाऱ्या योहान पाउल रिख्टरने १८०४ च्या आपल्या सौंदर्यशास्त्रीय ग्रंथात या दोहोंत भेद केला आणि 'फांटाझी'ला वरचे स्थान दिले. स्मृतीच्या जवळ असलेली 'आइनबिल्डुंग्सक्राफ्ट' त्याने खाली ठेवली. हेगेलनेही कलाविचारात 'फांटाझी'लाच सर्जक मानले. म्हणजे ज्या ग्रीक शब्दाचे वंशज इंग्रजीत खाली उतरले, त्याच शब्दाचे वंशज राइनपलीकडे वर चढले, आणि हे जवळजवळ एकाच पिढीत घडले. भेद जर शब्दांच्या पोटातच असता, तर तो दोन शेजारी भाषांत असा उलटा झाला नसता.

४

कोलरिजचा विचार या पार्श्वभूमीवर ठेवून पाहिला पाहिजे. विल्यम सॉदबी याला १८०२ च्या सप्टेंबरात लिहिलेल्या पत्रात त्याने प्रथम हा भेद स्पष्टपणे केला. तेथे ग्रीक आणि हिब्रू काव्याची तुलना चालली आहे. ग्रीकांची देवदेवतांनी भरलेली निसर्गदृष्टी ही 'फॅन्सी'ची, म्हणजे मनाच्या गोळा करणाऱ्या शक्तीची. तर प्रत्येक वस्तूला स्वतःचे जीवन असूनही सर्वांत एकच जीवन पाहणारी हिब्रू दृष्टी ही 'इमॅजिनेशन'ची, म्हणजे पालटवून एकजीव करणाऱ्या शक्तीची, असा त्याचा विचार आहे. भेदाच्या या पहिल्या मांडणीतच धर्मविचार अंतर्भूत आहे, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

'बायोग्राफिया'च्या चौथ्या प्रकरणात कोलरिज भाषेच्या अंगाने विषयाकडे येतो. ग्रीक शब्दाला लॅटिन शब्द हाच योग्य प्रतिशब्द होता, हे तो नाकारत नाही. त्याचा युक्तिवाद वेगळा आहे. प्रत्येक समाजात एक सामूहिक, अजाण शहाणपण काम करत असते आणि प्रारंभी एकाच अर्थाच्या असलेल्या शब्दांना ते हळूहळू वेगवेगळे अर्थ वाटून देते. अनेक भाषांच्या मिश्रणातून बनलेल्या इंग्रजीसारख्या भाषेत पर्यायशब्दांचा साठा मोठा, म्हणून अशी वाटणी करण्याची संधीही मोठी. या प्रक्रियेसाठी त्याने 'डिसिनॉनिमाइझ' हे क्रियापद योजले. मराठीत त्याला 'पर्यायभंग' म्हणता येईल. कोलरिजच्या संपूर्ण विवेचनातील हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी उद्धृत होणारा भाग आहे. आपण दोन वस्तूंचा शोध लावला असे तो येथे म्हणत नाही. भाषेने अर्धवट केलेली वाटणी आपण जाणीवपूर्वक पूर्ण करत आहोत, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

ही वाटणी पूर्ण करण्याची निकड त्याला का भासली, याचे उत्तर त्याच्या तात्त्विक प्रवासात सापडते. डेव्हिड हार्टलीच्या १७४९ च्या ग्रंथातील साहचर्यवादाने तरुण कोलरिज इतका भारला गेला होता की १७९६ मध्ये जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाचे नाव त्याने हार्टली ठेवले. मनातील सर्व व्यापार कल्पनांच्या परस्परसाहचर्याने उलगडता येतात, हा तो सिद्धान्त. पुढे कांट आणि शेलिंग यांच्या वाचनातून मन हे केवळ ठसे घेणारे नसून घडवणारे आहे, या निष्कर्षाला तो आला. परंतु साहचर्याचे नियम सपशेल खोटे आहेत असे म्हणणेही शक्य नव्हते. स्मृतीत, स्वप्नात, गप्पांत ते रोज प्रत्ययाला येतात. तेव्हा मनाच्या प्रदेशाची फाळणी करणे आवश्यक झाले. हार्टलीचा अंमल जेथे चालतो तो प्रदेश 'फॅन्सी'ला मिळाला. जेथे तो चालत नाही तो 'इमॅजिनेशन'ला. तेराव्या प्रकरणाच्या शेवटी जी प्रसिद्ध व्याख्या येते, तीत ही फाळणी स्पष्ट दिसते. 'फॅन्सी' ही स्थलकालाच्या क्रमातून मोकळी झालेली स्मृती असून तिला तिची सामग्री साहचर्याच्या नियमाने आयती मिळते; ती ठरीव, निश्चित वस्तूंशी खेळते. 'इमॅजिनेशन'चे मात्र दोन स्तर आहेत. पहिला स्तर सर्व मानवी संवेदनाचा मूलाधार असून ईश्वराच्या शाश्वत निर्मितिक्रियेची मर्यादित मनातील पुनरावृत्ती आहे. दुसरा त्याचाच जाणीवयुक्त प्रतिध्वनी असून पुन्हा घडवण्यासाठी विरघळवणे हे त्याचे कार्य आहे.

ही व्याख्या केवळ काही ओळींत आटोपलेली आहे. तिच्याआधी येणाऱ्या एका मित्राच्या पत्रामुळे विवेचन खंडित होते आणि ते पत्र कोलरिजने स्वतःच लिहिलेले होते. पुढे देण्याचे कबूल केलेले सविस्तर विवेचन कधीच आले नाही. इंग्रजी समीक्षेतील सर्वांत प्रभावी भेदाची उपपत्ती अशी अपुरी राहिलेली आहे.

उपपत्ती अपुरी असली तरी उदाहरणे मार्मिक आहेत. मिल्टनचे मन 'इमॅजिनेशन'चे, काउलीचे 'फॅन्सी'चे. ऑटवेच्या नाटकातील भ्रमिष्टाने केलेली विसंगत वस्तूंची यादी 'फॅन्सी'ची, तर समोरच्या वेड्याची दुर्दशाही मुलींनीच केली असणार असे मानणारा लिअर हे 'इमॅजिनेशन'चे दर्शन. शेक्सपिअरच्या 'व्हीनस अँड अडोनिस'मधूनच त्याने दोन्हींची उदाहरणे काढून दाखवली. हिमाच्या तुरुंगात अडकलेल्या कमळासारखा हात ही प्रतिमा 'फॅन्सी'ची, कारण तेथे केवळ शुभ्रता आणि वेढले जाणे या गुणांचा मेळ आहे; रात्री निसटून जाणाऱ्या ताऱ्यासारखा दृष्टीआड होणारा अडोनिस ही प्रतिमा 'इमॅजिनेशन'ची, कारण तीत तेज, वेग, विरह आणि पाहणाऱ्याची असहायता एकाच क्षणी एकवटतात. हे वाचनाचे उत्तम नमुने आहेत. सिद्धान्त मान्य नसणाऱ्यालाही त्यांतून कवितेतील प्रतिमा कशी पाहावी हे शिकता येते.

तथापि, खुद्द वर्ड्‌स्वर्थला हा भेद कोलरिजच्या अर्थाने मान्य झाला नाही. १८१५ च्या आपल्या संग्रहात त्याने 'फॅन्सी'च्या कविता आणि 'इमॅजिनेशन'च्या कविता असे स्वतंत्र विभाग पाडले. परंतु प्रस्तावनेत 'फॅन्सी' हीदेखील सर्जक शक्ती आहे असा आग्रह धरला. जुळवणे आणि जोडणे ही कामे दोघीही करतात. फरक पडतो तो विषयाच्या आणि हेतूच्या गांभीर्यात, असे त्याचे मत होते. कोलरिजने त्यावर, एका वेळी दोन्ही शक्ती काम करत असल्यामुळे मित्राची गफलत झाली, असे उत्तर दिले. भेदाचे दोन जनक त्याच्या स्वरूपाविषयी आरंभापासूनच असहमत होते.

५

'फॅन्सी'च्या अवनतीचे सर्व श्रेय कोलरिजला देणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. ज्या काळात तो ही फाळणी करत होता, त्याच काळात रस्त्यावर आणि बाजारात हा शब्द आपली वाट चालत होता. आवड, लहर हा त्याचा जुना अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेषणरूपाने पसरला. साध्या मालाहून वेगळा, नक्षीदार, शोभेचा माल तो 'फॅन्सी' माल. स्त्रियांनी फावल्या वेळात केलेले भरतकाम आणि विणकाम ते 'फॅन्सी-वर्क'. नेहमीचा वेश टाकून मनाला येईल तो वेश चढवणे म्हणजे 'फॅन्सी ड्रेस'. कबुतरे आणि कुत्री हौसेने पाळणारा तो 'फॅन्सिअर'. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडनमध्ये 'द फॅन्सी' असे म्हटले की मुष्टियुद्धाचे शौकीन असा अर्थ होई. कीट्सचा मित्र जॉन हॅमिल्टन रेनल्ड्स याने १८२० मध्ये 'द फॅन्सी' या नावाचा जो विनोदी काव्यसंग्रह टोपणनावाने काढला, त्याचे शीर्षक या अर्थावर आधारलेले आहे. त्याच वर्षी कीट्सच्या संग्रहात 'फॅन्सी' या शीर्षकाची कविता जुन्या, काव्यात्म अर्थाने आली. शब्दाचे दोन संसार एकाच वर्षी शेजारी शेजारी चालू होते.

'इमॅजिनेशन' हा शब्द या सर्व व्यवहारापासून अलिप्त राहिला. त्याचे विशेषण दुकानाच्या पाटीवर चढले नाही. त्याच्या नावाने कोणी कबुतरे पाळली नाहीत. पाच अवयवांचा, लॅटिन वळणाचा हा शब्द शास्त्रीय गद्यात शोभत होता. उलट 'फॅन्सी' आखूड, घरगुती, बाजारी आणि हौशी बनला होता. दोन शब्दांना दोन पायऱ्यांवर बसवण्याची वेळ आली, तेव्हा कोणाला वर बसवायचे हे व्यवहाराने निम्मे ठरवून टाकले होते. कोलरिजने ज्याला सामूहिक शहाणपण म्हटले, त्यात सामाजिक प्रतिष्ठेच्या कल्पनाही मिसळलेल्या होत्या. व्यापार, स्त्रियांची हस्तकला, सामान्यांची करमणूक यांच्याशी ज्या शब्दाचा संबंध आला तो यांत्रिक ठरला, आणि ज्याचा आला नाही तो ईश्वरी ठरला.

पुढील शतकात हा भेद आधी रूढ आणि मग शिळा झाला. ली हंटने १८४४ मध्ये दोन्ही शब्द शीर्षकात घेऊन काव्यसंचय काढला. रस्किनने 'मॉडर्न पेंटर्स'च्या १८४६ च्या दुसऱ्या खंडात 'फॅन्सी' बाहेरून पाहते आणि 'इमॅजिनेशन' अंतरंगात शिरते असे सविस्तर विवेचन केले. परंतु १८८३ मध्ये तोच खंड पुन्हा काढताना या भेदात त्याला रस उरलेला नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी कवी-समीक्षक टी. ई. ह्यूम (१८८३–१९१७) याने रोमँटिक युग संपत आले असून येणाऱ्या काटेकोर, मर्यादशील काव्याचे हत्यार 'फॅन्सी'च असेल, असे भाकीत केले. त्याचा तो निबंध मरणोत्तर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. टी. एस. एलियटने १९३३ मध्ये हा भेद अखेर चांगल्या आणि वाईट कवितेतील भेदाहून फारसा वेगळा उरत नाही, अशी शंका घेतली. पुढच्याच वर्षी आय. ए. रिचर्ड्‌सने कोलरिजवरील आपल्या ग्रंथात ईश्वरवादाचा भाग बाजूला ठेवून प्रतिमेतील अर्थघटक परस्परांवर किती परिणाम करतात, या कसोटीवर भेदाला नवे रूप दिले आणि 'फॅन्सी'ची कविता ही हीन कविता असलीच पाहिजे असे नाही, हेही स्पष्ट केले. म्हणजे शंभरावर वर्षांच्या चर्चेनंतर भेद शिल्लक राहिला तो वर्णनाचे साधन म्हणून. त्यातील उतरंडीला समर्थन उरले नाही.

६

मराठीत हा भेद आला तो या चर्चेच्या फलितासह आला नाही, उतरंडीसह आला. इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधताना 'इमॅजिनेशन'साठी 'कल्पनाशक्ती', कधी 'प्रतिभा', आणि 'फॅन्सी'साठी 'चमत्कृतिशक्ती' किंवा 'कल्पकता' अशा योजना झाल्या. या प्रत्येक शब्दाला स्वतःचा इतिहास होता आणि तो इंग्रजी जोडीच्या इतिहासाशी जुळणारा नव्हता.

'कल्पना' हा शब्द रचणे, योजणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. बौद्ध तर्कशास्त्रात दिङ्नागाने प्रत्यक्ष ज्ञानाचे लक्षण सांगताना ते 'कल्पनापोढ', म्हणजे कल्पनाविरहित, असते असे म्हटले; तेथे कल्पना म्हणजे वस्तूवर नाम, जाती इत्यादींचे आरोपण. रोजच्या मराठीत तर 'मला कल्पना नाही', 'त्याला आधी कल्पना दिली होती', 'एक कल्पना सुचली' अशा वाक्यांत हा शब्द माहिती, पूर्वसूचना आणि युक्ती असे अर्थ वाहतो. 'प्रतिभा' हा संस्कृत काव्यशास्त्राचा प्रतिष्ठित शब्द. पण त्या परंपरेने केलेले भेद निराळ्या पायावर उभे आहेत. राजशेखराने दहाव्या शतकात 'काव्यमीमांसे'त प्रतिभा कारयित्री आणि भावयित्री अशी विभागली. एक कवीची, दुसरी रसिकाची. ही विभागणी भूमिकांची आहे. तिच्यात एक खरी आणि दुसरी नकली असा अभिप्राय नाही. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिन्ही मिळून काव्याचे एकच कारण होते असे सांगितले. शिकून मिळवलेले कौशल्य हे सहज शक्तीचे प्रतिस्पर्धी आहे, ही कल्पनाच त्या मांडणीत नाही.

सर्वाधिक हानी झाली ती 'चमत्कृती' या शब्दाची. 'चमत्कार' हा संस्कृत काव्यविचारात फार वरच्या दर्जाचा शब्द होता. अभिनवगुप्ताच्या विवेचनात तो रसास्वादातील विस्मययुक्त, अखंड अशा आनंदानुभवाचा वाचक आहे. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने 'कविकण्ठाभरणा'त चमत्काराचे दहा प्रकार सांगितले आणि चमत्काराविना काव्याला काव्यत्व नाही अशी भूमिका घेतली. हाच शब्द मराठी समीक्षेत 'फॅन्सी'च्या जागी बसवला गेला, तेव्हा 'फॅन्सी'च्या वाट्याला आलेले हलकेपण त्यालाही चिकटले. आज 'केवळ चमत्कृती' हा शब्दप्रयोग समीक्षेत दोषवाचक म्हणूनच वाचला जातो. लंडनच्या बाजारपेठेत आणि हार्टलीशी झालेल्या वादात एका इंग्रजी शब्दाची जी किंमत ठरली, ती अशा रीतीने एका संस्कृत शब्दाला मोजावी लागली.

याचा परिणाम शब्दापुरता मर्यादित राहिला नाही. प्राचीन मराठी कवितेच्या मूल्यमापनात पंडितकवींविषयी 'कल्पनाविलास', 'शब्दचमत्कृती', 'कृत्रिमता' ही विशेषणे इतकी सरावाची झाली आहेत की ती वर्णन आहेत की निवाडा, हे वेगळे करणे कठीण जाते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त (१८७४–१८८१) विद्वत्त्व आणि कवित्व यांचा विरोध मांडला. मेकॉलेच्या मिल्टनवरील १८२५ च्या निबंधातील विचाराशी त्याचे जवळचे नाते आहे. परंतु त्याच 'निबंधमाले'त चिपळूणकरांनी मोरोपंतांच्या कवितेवर आत्मीयतेने आणि विस्ताराने लिहिले. सिद्धान्त एका दिशेला खेचत होता आणि कवितेचा प्रत्यय दुसऱ्या दिशेला. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्येतील यमक, श्लेष आणि दृष्टान्त यांची गुंफण कोलरिजच्या मापाने 'फॅन्सी'त जमा होईल. क्षेमेंद्राच्या मापाने तीच चमत्कार ठरू शकेल आणि मम्मटाच्या मापाने ती निपुणतेची सिद्धी होईल. यांपैकी कोणते माप लावायचे हा समीक्षकाचा प्रश्न आहे. पण आपण माप लावत आहोत, याची जाणीव तरी त्याला असली पाहिजे. मराठीत घडले ते असे की पहिले मापच कवितेचा स्वभाव म्हणून गृहीत धरले गेले.

कोलरिजने केलेला भेद टाकून द्यावा, असा याचा अर्थ नाही. दोन प्रतिमा शेजारी ठेवून एकीत घटक सुटे राहतात आणि दुसरीत ते परस्परांना बदलतात, हे दाखवण्याचे ते अजूनही उपयुक्त साधन आहे. मात्र साधनाबरोबर आलेली उतरंड हा त्याच्या जन्मकाळाचा अंश आहे. तो काढून ठेवल्यावर ज्ञानेश्वरांची दृष्टान्तमाला आणि रघुनाथपंडितांचे हंसवर्णन ही एकाच शिडीच्या दोन पायऱ्या म्हणून पाहण्याचे कारण उरत नाही. दोन्हींत साम्य शोधणारे मन काम करते. ते कोणत्या रीतीने आणि कोणत्या प्रयोजनासाठी, याचे वर्णन तपशिलाने करता येते आणि त्यासाठी निवाड्याची घाई करावी लागत नाही.

मराठी भाषकाने या जोडीचा निकाल आपल्या परीने लावलेलाच आहे. 'इमॅजिनेशन' त्याने भाषांतरित करून वर्गात आणि ग्रंथात ठेवले. 'फॅन्सी' मात्र आहे तशी घरात घेतली. फॅन्सी साडी, फॅन्सी बांगड्या, गाडीचा फॅन्सी नंबर, शाळेच्या स्नेहसंमेलनातील फॅन्सी ड्रेस या प्रयोगांत कोलरिजचा मागमूस नाही. अठराव्या शतकातील लंडनच्या दुकानांतील अर्थ तेवढा जसाच्या तसा आहे. ज्या विद्यार्थ्याला वर्गात 'फॅन्सी' ही मनाची कनिष्ठ शक्ती म्हणून शिकवली जाते, त्याच्या कानावर हा शब्द आधी बाजारात पडलेला असतो. त्या दोन अर्थांच्या मधला इतिहास त्याला सांगितला, तर काव्यशास्त्रातील संज्ञा कशा घडतात हे त्याला व्याख्येच्या पाठांतराहून अधिक नीट समजेल.